आज नाव जाहीर करणार नाही

ज्ञानोबादादा, वहिनी, घोटावड्याहून आलेली सगळी मंडळी, या महाविद्यालयातले शिक्षक आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मला बसून बोला असं सांगितलं होतं. खुर्चीही ठेवली आहे. पण बसवत नाही. शालनताई गेल्या त्या सकाळपासून मला कुठेच धड बसवत नाही. घरात येरझाऱ्या घालतो. चहा करतो, तो गार होतो. फोन वाजला की वाटतं त्यांचाच. तेव्हा उभाच राहतो. सांभाळून घ्या.

भाताची झोडणी खळ्यावर तशीच टाकून तुम्ही आलात. परीक्षा तोंडावर असताना मुलं आली. मागे दाराशी रिक्षावाले उभे आहेत, लवळ्याचा चढ शालनताईंना रोज चढवून देणारे. एवढे सगळे चेहरे समोर आहेत आणि मन मानत नाही. मनाला वाटतंय, आता त्या बाजूच्या दारातून येतील, शेवटच्या रांगेत बसतील, आणि मी जरा लांबण लावली की हातानं 'आवरा' म्हणून खूण करतील.

मी वर्तमानपत्रात आयुष्य काढलेला माणूस. मजकूर कधी हवा आणि किती हवा, एवढंच मला नीट कळतं. शालनताई माझ्या रविवारच्या पुरवणीत जंतूंवर सदर लिहायच्या. शेणातले जंतू, दह्यातले जंतू, विहिरीतले जंतू. मजकूर कधीही वेळेवर आला नाही. मी फोन करायचो, "शालनताई, पान थांबलंय." त्या म्हणायच्या, "संपादक, पान थांबतं. एक ओळ तपासायची राहिली आहे, ती चुकली तर थांबवता येणार नाही." त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. संपादक. आजारी होतो तेव्हा भेटायला आल्या तेव्हाही, "काय संपादक, पडून का?"

आता मुद्द्याचं सांगतो, कारण ते मनात ठेवून मला पुढे बोलता येणार नाही.

सभा सुरू होण्याआधी विभागप्रमुख सरांनी मला बाजूला घेतलं. एक कागद दिला. मोठ्या मनानं दिला, हे आधी सांगतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. कागदावर असं लिहिलं आहे की, डॉ. शालन ढमाले यांनी समुद्राच्या तळाच्या गाळातून शोधलेल्या जिवाणूच्या नव्या प्रजातीला त्यांचं नाव देण्यात येत आहे, आणि तशी घोषणा या सभेत होत आहे. घोषणा मी करायची. बाहेर दोन वार्ताहर आहेत. उद्या छापून येईल.

मी ती घोषणा करणार नाही.

दादा, तुमच्या चेहऱ्याकडे बघवत नाही मला आत्ता. तुम्ही सकाळी दारातच विचारलंत, "शालनचं नाव लागणार न्हवं?" मी मान हलवली. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. आता सगळ्यांसमोर सांगतो, आणि का ते सांगतो. मग तुम्ही रागवा.

बाहेर चप्पल काढताना जनामावशी मला म्हणाल्या, "शालनला समुद्रातला किडा घावला म्हणं. पर हितं मुळशीत समुद्र कुटाय?" मावशी, प्रश्न अगदी बरोबर आहे. समुद्र इथं नाही. ताम्हिणीचा घाट उतरून पलीकडे आहे. शालनताई आपली ती जुनी गाडी घेऊन घाट उतरायच्या, एका खाडीच्या तोंडाशी जायच्या, होडीत बसायच्या आणि पाण्याखालच्या गाळात लांब नळी खुपसायच्या. वर यायचा तो काळाकुट्ट गाळ. कुजक्या अंड्याचा वास. तो छोट्या नळ्यांत भरायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि घाट चढून इथं आणायचा. चमचाभर गाळात एवढे जीव की आपल्या तालुक्याची माणसं त्यापुढे काहीच नाहीत. त्यातल्या बहुतेकांना अजून कुणी ओळखतही नाही. शालनताई त्यांना काचेच्या बशीत, जेलीवर वाढवायच्या. एकेकाला वेगळं करायच्या. मग विचारायच्या, तू कोण?

हे 'तू कोण' फार अवघड असतं. एकदा मी या बहीणभावांच्या ओट्यावर जेवायला बसलो होतो. दादांनी विचारलं, "शालन, डोळ्याला दिसत न्हाई त्यो जुना का नवा, तुला कसं कळतं गं?"

शालनताई म्हणाल्या, "दादा, आपल्या गावात ढमाले किती?"

"निम्मं गाव."

"सगळे एका घरचे?"

"छ्या! वरच्या आळीचं येगळं, आपलं येगळं. त्यांचं सुतक बी धरत न्हाई आपण."

"म्हणजे सुतक कुठवर धरायचं याची हद्द आहे."

"हाय की. हद्दीच्या आत त्यो आपल्या घरचा. भाईर गेला की आडनाव एक आन् घर येगळं."

"बाहेरून येणाऱ्याला कळेल का ते?"

"त्याला काय कळतंय! सगळ्यांची तोंडं सारखीच. घरात शिरल्याबिगर न्हाई कळायचं."

"मग मी तेच करते. घरात शिरते."

मी घास हातात धरून ऐकत राहिलो. दोन वर्षं मला हे वाचकांना समजावता आलं नव्हतं. जिवाणूंचंही असंच असतं. आडनाव असतं, नाव असतं. आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेतल्या हजेरीसारखं. आणि नवा जीव सापडला की त्याची सगळी जनुकं वाचून जवळच्या नातेवाइकाशी ताडून बघतात. सारखेपणाची एक हद्द ठरलेली आहे. हद्दीच्या आत असला तर तो जुनाच, ओळखीचा. बाहेर असला तरच नवं घर. तेवढ्यानंही भागत नाही. तो काय खातो, किती उष्णता सोसतो, किती मीठ लागतं, अंगात चरबी कुठल्या प्रकारची, सगळं बघावं लागतं.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती गावाला माहीत आहे. तरी मी काल दादांची परवानगी घेतली. ते म्हणाले, "सांगा की. माझी काय अब्रू जातीय? गेली तवाच गेली."

काही वर्षांपूर्वीचा आषाढ. शालनताई खाडीवरून गाळ घेऊन परत आल्या. इथं यायच्या ऐवजी आधी घरी गेल्या, कारण लावणी चालू होती आणि माणसं कमी होती. त्यांनी पेटी बांधावर ठेवली आणि खाचरात उतरल्या. डॉक्टर झाल्या, देशोदेशी भाषणं केली, पण लावणीला हात लावला नाही असं वर्ष गेलं नाही त्यांचं. दुपारी दादा बांधावर भाकरी खायला आले. त्यांनी सहज पेटी उघडून पाहिली.

त्या गाळातून शालनताईंना एक जिवाणू मिळाला. फिकट पिवळा. बशीत अगदी जोमानं वाढायचा. त्याची जनुकं थोडी वाचली तर कळलं, याचे सगळे भाऊबंद जमिनीवरचे. खरं म्हणजे तिथंच जागं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. सगळी प्रयोगशाळा हुरळली. जमिनीवरच्या घराण्यातला, समुद्रात जाऊन वसलेला पहिलाच! शालनताईंनी मनात नावही ठरवलं. विद्यार्थी त्याच नावानं त्याला हाका मारू लागले. आणि मी? मी बातमी लिहून मोकळा झालो. येत्या रविवारच्या पानासाठी, मुळशीच्या लेकीनं शोधला समुद्रातला नवा जीव. फोटोही लावला होता. हात बांधून उभ्या असलेल्या शालनताई, मागे डोंगर.

मिठाची चाचणी तेवढी राहिली होती. नव्या जिवाणूचं वर्णन करताना तो किती मिठात वाढतो ते द्यावं लागतं, आणि सुरुवात करायची असते अजिबात मीठ न घालता. पण समुद्राचा जीव म्हटल्यावर बिनमिठाची बशी कोण आधी लावणार? लागणारच मीठ त्याला. त्यामुळे ती चाचणी सगळ्यात शेवटी. लावायची म्हणून लावली.

बिनमिठाच्या बशीत तो सगळ्यात जास्त वाढला. शालनताई मला पुढे म्हणाल्या, "संपादक, माहेरी आलेल्या पोरीसारखा पसरला होता हो. ऐसपैस."

त्या दिवशी त्या घरी गेल्या. पुढचं मी पाहिलेलं नाही, पण दोघा भावंडांकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. ओट्यावर बसून त्या स्वतःशीच बोलत होत्या. समुद्राच्या नळीत हा शेतातला आला कुठून?

दादा म्हणाले, "कंची नळी?"

"निळ्या बुचाची."

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ती मीच भरली व्हती."

वहिनी म्हणाल्या, "अवो, म्हंजी काय केलं तुमी?"

"अर्धीच व्हती गं. घाटात सांडली असंल. म्हटलं, पोरीनं एवढं लांबनं आणलंय, कमी पडाय नको. चिखल त्यो चिखल. भरून टाकली."

शालनताईंनी विचारलं, "कुठला चिखल भरलास दादा?"

"वरच्या बांधाचा, झऱ्याकडचा. चांगला बघून भरला."

चांगला बघून भरला! शालनताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं. वहिनी घाबरल्या, पाणी आणायला धावल्या. किती दिवसांचं काम होतं ते. पुढे सगळी जनुकं ताडून पाहिली तेव्हा तो जुनाच निघाला. भातखाचरात ठायी ठायी सापडणारा.

मला फोन आला तो त्याच रात्री, पान तयार होतं. "संपादक, ती बातमी काढा."

"शालनताई, पान लागलंय."

"मग उतरवा. तो जीव आमच्या दादाच्या खाचरातला निघालाय."

मी उतरवलं. त्या जागी वालाच्या उसळीची कृती छापली. वाचकांना ती आवडली, हेही सांगायला हवं.

दादांनी पुढे वर्षभर त्यांना छळलं. "माझ्या वावरातलं हाय म्हणून नवं न्हाई व्हय? समुद्रातलं असतं तर पेढं वाटलं असतंस!" शालनताई म्हणायच्या, "दादा, तुझ्या चिखलात सगळे जुनेच भाडेकरू राहतात." त्यावर दादा, "पर भाडं देत न्हाईत ती!"

पण माझ्याशी एकट्या बोलत असल्या की त्या दादांना बोल लावत नसत. दादांची त्यात काही चूक आहे असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही. त्या म्हणायच्या, "चिखल दादानं भरला. पण नाव मी आधी ठेवलं. नाव ठेवलं की माणूस त्याची बाजू घ्यायला लागतो. मग त्याला अडचणीत आणणारी चाचणी शेवटाला जाते."

हे वाक्य मला गेले काही दिवस झोपू देत नाही. नाव ठेवलं की माणूस बाजू घेतो.

त्यानंतर त्यांनी प्रयोगशाळेत नियम केला. तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही नाव नाही. नंबर. आणि समुद्रातून काहीही आलं की पहिली बशी बिनमिठाची. पुढच्या खेपेला त्या दादांनाच बरोबर घेऊन गेल्या. "दादा, तुला नळ्या भरायची हौस आहे ना, चल." दादा होडीत बसले, गाळात उतरले, मांडीपर्यंत रुतले आणि ओरडले, "शालन, ह्यो चिखल न्हाई, ह्यो सावकार हाय, पाय सोडंना!" त्या होडीतून सांगत होत्या, "बुचाला हात लावू नकोस, बाकी काय वाट्टेल ते कर." परत येताना सगळा घाट दादांनी ती पेटी मांडीवर धरली होती. एक थेंब सांडला नाही.

त्या खेपेच्या गाळातला हा जिवाणू. ज्याच्या नावाची आज वाट बघताय, तो हा.

हा वेगळा होता. हळू. बाकीचे जिवाणू एका रात्रीत बशी भरून टाकतात, याचा ठिपका दिसायलाच कितीतरी दिवस. नारिंगी, मोहरीपेक्षा लहान. बिनमिठाच्या बशीत काहीच नाही. कोरी. शालनताईंनी ती कोरी बशी मला दाखवली. मी आजवर कुणाला कोऱ्या बशीकडे एवढ्या आनंदानं बघताना पाहिलं नाही. जनुकं वाचली, ताडली. सर्वांत जवळचा नातेवाईकही हद्दीच्या बराच बाहेर. चरबी वेगळी, खाणं वेगळं. प्रज्ञानं, म्हणजे त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीनं, सगळं दोनदा केलं. मग शालनताईंनी तिसऱ्यांदा करायला लावलं. तिचा प्रबंध याच जिवाणूवर आहे. तिची शिष्यवृत्ती संपत आली आहे. एकदा ती काकुळतीला येऊन म्हणाली, "मॅडम, निदान लाडाचं तरी नाव ठेवू या ना." शालनताई म्हणाल्या, "लाड कर. नाव ठेवू नकोस."

मी दर महिन्याला विचारायचो, "बारसं कधी?" उत्तर ठरलेलं. "बाळ दोन घरी नांदू दे, मग."

ही दोन घरं काय ते सांगतो. जिवाणूच्या नव्या प्रजातीचं नाव नुसतं छापून खरं होत नाही. तो जिवाणू जिवंत असावा लागतो. निरनिराळ्या देशांतल्या दोन संग्रहांत, जिथं जगातला कुणीही अभ्यासक तो मागू शकेल, तिथं तो वाढला पाहिजे. त्यांनी तसं लिहून दिलं पाहिजे. म्हणजे कुणीही उठून म्हणू शकेल, दाखवा बरं. आणि दाखवता आला पाहिजे. मेलेल्याचं वर्णन चालत नाही, आठवण चालत नाही, मोठं आडनाव चालत नाही. मला हा नियम फार आवडतो. आणि आज तोच नियम मला छळतो आहे.

आपल्या देशातल्या संग्रहाला जिवाणू मिळाला आहे, त्यांची तपासणी चालू आहे, उत्तर यायचं आहे. परदेशातल्या संग्रहाकडे शालनताईंनी तो रीतीप्रमाणे वाळवून, काचेच्या कुपीत बंद करून पाठवला. तिकडून निरोप आला की कुपी फोडली, पाणी दिलं, वाट पाहिली. उगवला नाही. याला वाळवलेलं सोसत नाही, गोठवलेलं सोसत नाही. त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत होतो. त्या खुर्चीवरून उठल्या, खिडकीशी गेल्या, परत बसल्या, परत उठल्या. एरवी तासन् तास एका जागी बसणारी बाई. मी म्हटलं, "शालनताई, बसा हो जरा." त्या म्हणाल्या, "आता जिवंतच पाठवायचा. जेलीवर, नळीत, ओला. लगेच." त्याच तयारीत होत्या. प्रज्ञाला सांगून ठेवलं होतं, आता येणारी नवी वाढ ती तिकडे जाणार.

आणि एका सकाळी घरी, चहाचा कप हातात असताना, हृदय थांबलं. वहिनी म्हणतात, कप खालीसुद्धा पडला नाही.

मित्रहो, तर आज परिस्थिती अशी आहे. नाव देता येतं का? देता येतं. संशोधकानं स्वतःचं नाव स्वतः ठेवायची रीत नाही, पण प्रज्ञानं शालनताईंचं ठेवलं तर कुणी आडवं येणार नाही. दादा, मलाही ते हवं आहे. तुमच्याइतकंच हवं आहे. पण आज या व्यासपीठावरून मी ते जाहीर केलं, उद्या छापून आलं, परवा सत्कार झाला, आणि तो जीव दुसऱ्या घरी उगवलाच नाही, तर? मग शालनताईंच्या नावाचं काय राहील? एक बातमी. नुसती बातमी. मागच्या खेपेला त्यांनी मला फोन करून बातमी काढायला लावली. या खेपेला फोन येणार नाही. म्हणून मला स्वतःलाच सांगावं लागतंय, संपादक, ही बातमी काढा.

मला वाटत होतं, एवढं बोलून मी खाली बसेन. पण आणखी एक गोष्ट आहे. आणि तिच्यामुळेच मी मघापासून त्या घड्याळाकडे बघतो आहे. तुमच्यापैकी काहींच्या लक्षात आलं असेल. कुणाच्याही बोलण्याचा मला कंटाळा आलेला नाही, आधीचे वक्ते माझ्यापेक्षा चांगलंच बोलले.

सभेआधी प्रज्ञा मला जिन्यात भेटली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "काका, मॅडमच्या खोलीला कुलूप आहे. आत इन्क्युबेटरमध्ये तो आहे. जेली सुकायला लागली असणार. आज त्याला नवीन जेलीवर घालायला हवा. उद्यावर टाकलं तर तो जगेल का, मी सांगू शकत नाही. परदेशी पाठवायला दुसरी जिवंत वाढ आमच्याकडे नाही."

मी म्हटलं, "मग किल्ली माग."

ती म्हणाली, "मागितली. शोकसभा होऊ दे, मग बघू, सर म्हणाले."

कुणी दुष्टपणानं म्हटलेलं नाही. माणूस गेलं की खोली बंद करायची, सामानाची मोजदाद करायची, हा कार्यालयाचा नियम आहे, आणि असा नियम असावाही. शोकसभेच्या आधी कुलूप काढलं तर लोक काय म्हणतील, अशीही एक भीती असते. आपण माणसं तशीच आहोत. गेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावायला आपल्याला धीर होत नाही. ते चांगलंच आहे. चष्मा असू दे टेबलावर. शाल असू दे खुर्चीवर. पण त्या खोलीत एक वस्तू अशी आहे जी वस्तू नाही. तिला सुतक कळत नाही. तिला रोजच्यासारखं खायला लागतं.

दादा, तुम्हीच सांगा. घरात मयत झाली म्हणून गोठ्यातल्या गाईला कुणी वैरण टाकायचं थांबतं का?

दादा मान हलवताहेत. काय म्हणालात? जोरात म्हणा, मागे ऐकू जाऊ दे.

"कोण थांबंल? पयली वैरण, मग रडणं!"

ऐकलंत?

मला कळतं, शोकसभेत मागणी करू नये. इथं आठवणी सांगाव्यात, गुण सांगावेत, हात जोडावेत. मी आजवर शेकडो शोकसभांच्या बातम्या छापल्या, एकीतही कुणी किल्ली मागितल्याचं आठवत नाही. पण सर, मी मागतो. तुमच्याकडेच आहे ती, मला माहीत आहे. कागद तुम्ही प्रेमानं दिलात, तो मी घडी घालून तुम्हाला परत देतो. टाकू नका. कपाटात ठेवा. दोन्ही घरांतून उत्तर येईल त्या दिवशी तुम्हीच वाचा, मी पहिल्या रांगेत दादांच्या शेजारी बसून टाळ्या वाजवीन. आज कागद घ्या आणि किल्ली द्या. प्रज्ञाला ती खोली तिचं काम होईपर्यंत द्या. मोजदाद होऊ द्या, तिच्यासमोर होऊ द्या, पण कुलूप नको.

सर उठले. खिशात हात घातला त्यांनी.

धन्यवाद, सर. मनापासून. नाही, नाही, मला देऊ नका. मला त्या खोलीतलं काय कळतंय? प्रज्ञा, कुठे आहेस तू? त्या खांबाच्या मागे. ये पुढे. वाट द्या जरा तिला. अगं, सगळ्यांच्या अंगावरून ये, कुणी काही म्हणणार नाही. घे.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. खुर्ची आता दिसायला लागली मला.

आता आपण उभे राहू. घोटावड्याच्या मंडळींनी, मुलांनी, दाराशी असलेल्या रिक्षावाल्यांनी, सगळ्यांनी. शालनताईंसाठी थोडा वेळ काहीही न बोलता उभे राहू. वहिनी, तुम्ही बसून राहिलात तरी चालेल. ज्याला जे आठवेल ते आठवा. फोन बंद करा. आणि मला माहीत आहे, अशा वेळी कुणी हलत नाही, कुणी खोकतही नाही, तशी आपली रीत आहे.

प्रज्ञा, तू थांबू नकोस. तू नीघ. दाराचा आवाज झाला तरी चालेल.